खानदेशाचं बंदर कुठं आहे?

आजचा भाग सुरू करायच्या आधी एक छोटं काम करा. फोन हातात आहेच, नकाशा उघडा आणि जळगाव किंवा धुळे शोधा. आता निळा रंग दिसेपर्यंत बोटांनी नकाशा लहान करत जा. बराच लहान करावा लागला ना? जवळचा समुद्र गाठायचा तरी अडीचशे-तीनशे किलोमीटर जावं लागतं. आपल्याकडे पाणी म्हटलं की तापी, गिरणा, पांझरा, फार तर हतनूरचं धरण. बंदर, जहाज, गोदी हे सगळं कोकणातल्या लोकांचं, असंच आपण धरून चालतो.

आजचा भाग या समजुतीबद्दल आहे. गेली चारशे वर्षं खानदेशातल्या मालाचं नशीब समुद्रकाठीच ठरत आलंय. आधी कापड, मग कापूस, आता केळी. बंदर बदललं तसं इथली काही गावं वर आली आणि काही मागं पडली. आणि दर वेळी एक प्रश्न तोच राहिला: शेत किंवा माग इथे आणि जहाज तिथे, तर मधल्या वाटेवर थांबणं कुणाला परवडतं?

हल्ली या मधल्या वाटेला सप्लाय चेन म्हणतात. शब्द नवा आहे, गोष्ट जुनी आहे.

सुरतेची वाट

सतराव्या शतकात खानदेशाचं बंदर म्हणजे सुरत. आपलीच तापी तिथे समुद्राला मिळते. पण म्हणून तापीतून होडीत माल घातला आणि सुरतेला पोचवला, असं होत नव्हतं. खानदेशातली तापी म्हणजे उंच दरडी, खडक आणि उन्हाळ्यात आटलेलं पात्र. माल जायचा तो बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून.

वाट साधारण अशी होती: बऱ्हाणपूर, चोपडा, थाळनेर, शिंदखेडा, नंदुरबार, नवापूर, सोनगड, बारडोली, सुरत. यातली निम्मी नावं तुमच्या एसटीच्या पाटीवर असतील. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण मोगलांच्या काळात ते खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं. 1615 मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो जहांगीर बादशहाला भेटायला निघाला, तोही सुरतेहून खानदेशातूनच आधी बऱ्हाणपूरला गेला.

पुढे तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेनं गेला. त्यानं नवापूरच्या तांदळाचं कौतुक लिहून ठेवलंय. दाणा बारीक, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीसारखा. नवापूरच्या मंडळींनो, हे स्टेटसला ठेवा. बऱ्हाणपूरच्या तलम कापडाबद्दल तो सांगतो की ते इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, एवढंच काय, रशिया आणि पोलंडपर्यंत जातं. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे एका वेळी वाटेला लागतात, असंही त्यानं नोंदवलंय. हे तांडे बहुतेक बंजारा समाजाचे. त्या काळचे ट्रान्सपोर्टवाले तेच.

सुरतेला पोचलं म्हणजे संपलं असंही नव्हतं. तापीच्या मुखाशी गाळ साचायचा. मोठी जहाजं शहरापर्यंत येत नसत, बाहेर सुवाळीच्या किनाऱ्याजवळ उभी राहत. म्हणजे सुरतेतून पुन्हा गाड्या, पुन्हा होड्या. एकाच गाठोड्याची चार-पाच वेळा चढ-उतार. प्रत्येक वेळी हमाली, प्रत्येक वेळी थोडं नुकसान.

आणि वरून वाऱ्याचं वेळापत्रक. शिडाची जहाजं मोसमी वाऱ्यावर चालायची. पावसाळ्यात बंदर जवळजवळ बंद, आणि परदेशी जाणारी जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटणार. त्या तारखेआधी कापड सुरतेत नसेल, तर ते पुढच्या हंगामापर्यंत पडून. म्हणून व्यापारी आधीच विणकराला उचल द्यायचे. हिला दादनी म्हणत. उचल घेतली की कापड त्यालाच द्यायचं, भाव आधीच ठरलेला. गोदाम आणि पैसा असलेला दलाल एक हंगाम थांबू शकत होता. मागावर बसलेला माणूस आठवडाभरही थांबू शकत नव्हता.

हा रस्ता संकटात कसा वागला, तेही बघा. 1630 ते 1632 मध्ये गुजरात आणि दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज 1630 च्या शेवटी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे निघाला होता. वाटेत गावोगाव पडलेली प्रेतं आणि ओस पडलेली घरं त्यानं पाहिली आणि लिहून ठेवली. त्याच काळात शाहजहान लष्करासह बऱ्हाणपूरला तळ देऊन होता आणि धान्याचा ओढा त्या छावणीकडे होता. रस्ता होता, बैल होते, तांडे होते. माल कुणाकडे वळवायचा हे ठरवणारे दुसरेच होते.

धरणगावची कोठी

जळगावजवळच्या धरणगावला तुम्ही गेला असाल. 1674 मध्ये, म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक झाला त्याच वर्षी, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं धरणगावात वखार उघडली. कुठे लंडन, कुठे धरणगाव! पण हिशेब सरळ होता. सुरतेच्या बाजारात दलालाकडून कापड घेण्यापेक्षा जिथे विणलं जातं तिथेच माणूस बसवायचा.

पुढच्याच वर्षी, 1675 मध्ये, मराठ्यांनी धरणगाव लुटलं. त्याआधी 1664 आणि 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती, हे आपण शाळेत शिकलोय. हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून बघा. सुरत हे वाटेचं एक टोक, धरणगाव तिच्या उगमाजवळचं ठिकाण. मोगलांचा पैसा कुठून कुठे वाहतो, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं. लढाई जशी किल्ल्यांवर होत होती, तशीच ती या मालाच्या वाटेवरही होत होती.

बंदर बदललं

1687 मध्ये कंपनीनं पश्चिम किनाऱ्यावरचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला नेलं. सुरत एका दिवसात बसली नाही, पण अठराव्या शतकात ती उतरत गेली आणि मुंबई चढत गेली. 1818 मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला तोवर चित्र पालटलं होतं. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं कारभाराचं ठाणं धुळ्याला केलं. थाळनेर, नंदुरबार या सुरत वाटेवरच्या गावांची जुनी चलती उरली नव्हती.

आता माल होता कापूस आणि तोंड होतं मुंबईकडे. धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रस्त्यानं गाड्या निघायच्या, थळ घाट उतरायच्या, म्हणजे आपला कसारा घाट, आणि भिवंडी-कल्याणच्या खाडीपर्यंत जायच्या. तिथून होड्यांनी मुंबई. वाटेत धूळ, दव, अवकाळी पाऊस. कापूस भिजायचा, मळायचा, आणि वजन वाढावं म्हणून काही लोक मुद्दाम त्यात सरकी, माती, पाणी मिसळायचे. हा प्रकार इतका वाढला की 1863 मध्ये मुंबई सरकारला कापसातली भेसळ रोखायला खास कायदा करावा लागला.

एक मजेची गोष्ट. खानदेशातला कापूस मुंबईहून जहाजात चढत असला, तरी इंग्लंडच्या गिरण्यांमध्ये हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’च म्हणायचे. बंदर बदललं, नाव जुनंच राहिलं. आणि ते नाव काही कौतुकानं घेत नसत. धागा आखूड, कचरा जास्त, त्यामुळे लँकेशायरचे कामगार ‘सुरत’ आला की वैतागायचे.

तीन महिन्यांनी हुकलेली गाडी

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. वर्ष 1861. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली आणि इंग्लंडला जाणारा अमेरिकन कापूस तुटला. नको नको म्हणत लँकेशायरला ‘सुरत’ घ्यावा लागला. भाव चढत चढत युद्धाआधीच्या चौपटीच्या आसपास गेले. जळगाव तेव्हा कापसाची मोठी पेठ बनलं. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोष्टी त्या काळात सांगितल्या जात. मुंबईत तर शेअर बाजाराला वेडच लागलं होतं.

याच वेळी जीआयपी रेल्वेचं काम चालू होतं. 1853 मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली. 1861 च्या सुरुवातीला मुंबईकडून रूळ कसाऱ्यापर्यंत आले. घाटाच्या वर इगतपुरी, नाशिक, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ हा पट्टा 1863 पर्यंत जोडला गेला. म्हणजे खाली रेल्वे तयार, वर रेल्वे तयार. राहिला होता मधला कसारा ते इगतपुरी हा जेमतेम पंधरा किलोमीटरचा घाट. 37 फूट चालल्यावर एक फूट चढ, बोगदे, पूल, खोल दऱ्या. तेवढ्या तुकड्यासाठी माल उतरवून पुन्हा बैलगाडीत भरायचा, घाट उतरवायचा आणि खाली पुन्हा वॅगनमध्ये चढवायचा.

युद्धाची बहुतेक वर्षं असंच चाललं. घाटातली रेल्वे सुरू झाली 1 जानेवारी 1865 ला. आणि दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली 9 एप्रिल 1865 ला. तेजीच्या काळात वाट अर्धवट, आणि वाट पुरी झाली तेव्हा तेजीच संपली. मध्ये अंतर तीन महिन्यांचं.

भाव कोसळले. 1 जुलै 1865 ला मुंबईत सौदे पुरे करायची वेळ आली आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. जळगावच्या पेठेलाही जबर फटका बसला. मुंबईच्या व्यापाऱ्याकडे आगबोटीची टपाल होती, तारायंत्र होतं. वाऱ्याची दिशा त्याला आधी कळायची आणि तो हात आखडता घेऊ शकायचा. एरंडोल-पाचोऱ्याकडच्या शेतकऱ्याला बातमी कळायची ती खरेदीदारानं भाव पाडल्यावर. चढ्या भावाच्या भरवशावर त्यानं कर्ज काढलेलं, सारा ठरल्या तारखेला भरायचा. दोनशे वर्षांपूर्वीच्या विणकरासारखाच तोही थांबू शकत नव्हता.

रेल्वे झाली म्हणून सगळं सुरळीत झालं, असंही नाही. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोप जवळ आला. पण मुंबईत मोठी बंदिस्त गोदी, प्रिन्सेस डॉक, झाली 1880 मध्ये. तोवर बऱ्याच जहाजांचा माल होड्यांनी न्यावा-आणावा लागे. आणि पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली 1915 मध्ये. म्हणजे जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर आगगाडीनं आलेली कापसाची गाठ शेवटचा थोडासा टप्पा पुन्हा बैलगाडीनं जायची, आणि हे बरीच वर्षं चाललं. हार्बर लाईनवर कॉटन ग्रीन स्टेशन लागतं ना, ते नाव याच कापसाचं. ‘ग्रीन’ म्हणजे कापसाचा बाजार जिथे भरायचा ते मैदान.

या सगळ्यातून खानदेशानं एक धडा घेतला. कच्चा कापूसच पाठवत बसलो तर भाव दुसऱ्याच्या हातात राहणार. 1870 च्या दशकात मुळजी जेठा यांची सूतगिरणी जळगावात उभी राहिली. एम. जे. कॉलेजमधलं ‘एम. जे.’ म्हणजे हेच नाव. पुढे 1906 मध्ये अमळनेरला प्रताप शेठजींची गिरणी आली. जिन आणि प्रेस तर गावोगाव झाले. गाठ दाबून बांधली की कमी जागेत जास्त माल बसतो, आणि गोदामात ठेवून भावाची वाट बघता येते. प्रेस ज्याचा, त्याला थोडं थांबता यायला लागलं.

धुळ्याची वाट बघणं

धुळेकर म्हणतील, आमचं काय? बरोबर आहे. धुळे जिल्ह्याचं ठाणं होतं, आग्रा रस्त्यावर होतं. तरी मुख्य रेल्वे गेली मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी, धुळ्याला पन्नासएक किलोमीटर बाजूला ठेवून. चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला 1900 मध्ये, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्याच सुमारास तापी खोऱ्यातली सुरत-अमळनेर रेल्वेही झाली आणि नंदुरबार, दोंडाईचाला जुनी सुरतेची वाट रुळांवर परत मिळाली. 1906 मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाचं ठाणं धुळे राहिलं, पूर्व खानदेशाचं जळगाव झालं. साठ वर्षांपूर्वी जळगावला असा मान मिळेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. रुळानं गावाला काय मिळतं, ते इथे दिसतं.

धुळ्याची वाट अजून संपलेली नाही. मनमाड-इंदूर रेल्वेची मागणी कैक पिढ्यांनी केली. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये. हा मार्ग झाला तर धुळे, शिरपूर हा भाग एका बाजूला इंदूरला आणि दुसऱ्या बाजूला मनमाडमार्गे मुंबईच्या बंदरांना सरळ जोडला जाईल. रस्त्याचं म्हणाल तर दारातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53, आधीचा 6 नंबर, पश्चिमेला सुरतजवळच्या हजिऱ्याला आणि पूर्वेला ओडिशातल्या पारादीपला जातो. दोन्ही टोकांना बंदर आहे आणि मधे आपण.

तेरा अंशांवरची केळी

आता आजचं बंदर. 1956 मध्ये अमेरिकेत माल्कम मॅक्लीन या ट्रक व्यावसायिकानं धातूच्या पेट्या सरळ ट्रकवरून जहाजावर चढवल्या. तोच कंटेनर. पेटी गावात भरायची, सील करायची आणि परदेशातच उघडायची. मधली चढ-उतार क्रेन करणार. सुरतेच्या काळात चार-पाच वेळा उघडणारं गाठोडं आता एकदाही उघडत नाही. आपल्याकडे या पेट्यांचं मोठं बंदर म्हणजे उरणजवळचं जेएनपीए, म्हणजे आधीचं जेएनपीटी, न्हावा-शेवा. ते 1989 मध्ये सुरू झालं.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांतल्या केळीसाठी या पेटीचं थंड रूप महत्त्वाचं आहे, म्हणजे रीफर. केळी झाडावर पिकू देत नाहीत, हिरवी असतानाच कापतात. कापल्या क्षणापासून घड्याळ सुरू. फण्या वेगळ्या करायच्या, धुवायच्या, खोक्यात भरायच्या, लवकरात लवकर थंड करायच्या आणि तेरा-चौदा अंशांवर ठेवायच्या. त्याहून गार झालं तर साल काळवंडते, गरम झालं तर जहाजातच पिकायला लागते. हे तापमान पॅकहाउसपासून ट्रक, बंदराचं यार्ड आणि जहाजापर्यंत कुठेही तुटता कामा नये. यार्डात पेटीला विजेचा प्लग मिळाला नाही, तरी सगळं वाया. तापमान नीट सांभाळलं, तर हिरवी केळी तीन-चार आठवडे टिकते.

जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2021 मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन जीआय केळी दुबईला गेली, तेव्हा सगळीकडे बातमी झाली होती. आठवत असेल.

पण बहुतेक केळी आजही ट्रकनं उत्तर भारतात जाते, आणि रावेरचा शेतकरी आजही रोज बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव विचारतो. चारशे वर्षांनीही बऱ्हाणपूर! फरक एवढाच की भाव आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. बातमी शेतकऱ्यापर्यंत पोचली. थांबायची सोय मात्र सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. ज्याच्या गावाजवळ पॅकहाउस आणि शीतगृह आहे, त्याला बोलणी करायला दोन-तीन आठवडे मिळतात. ज्याच्याकडे नाही, त्याला आलेल्या ट्रकवाल्याचा भाव घ्यावा लागतो, कारण घड उद्या पिवळा होणार.

आणि समुद्रावरचा धक्का अजूनही थेट इथे बसतो. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपला जाणारी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडं वाढलं. नाशवंत मालाचं आयुष्यच तीन-चार आठवड्यांचं असेल, तर त्यातले पंधरा दिवस म्हणजे काय, ते हिशेब करून बघा.

मग आपण काय विचारायचं?

आता पालघरच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येतंय. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली, खर्च 76 हजार कोटींच्या घरात. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, कारण त्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे. खानदेशाला फायदा होईल अशी भाषणं आपल्याकडे होतील, तेव्हा किनाऱ्यावरचे ते लोकही या साखळीत धरायचे, हे विसरू नका.

आणि भाषण ऐकताना कापसाच्या तेजीची ती वर्षं आठवा. त्या वेळी मुंबईत बंदर होतं, जळगावात रूळ होते, परदेशात गिऱ्हाईक होतं. पंधरा किलोमीटरचा घाट राहिला होता. आजचा घाट कुठे आहे? कदाचित तुमच्या गावापासून पॅकहाउसपर्यंतच्या खड्ड्यांच्या रस्त्यात असेल. कदाचित रात्री जाणाऱ्या विजेत असेल. नाहीतर शीतगृह कुणाच्या मालकीचं आहे, यात असेल. शेतकऱ्यांच्या कंपनीचं असलं तर थांबायची ताकद शेतकऱ्याकडे येते. एकाच व्यापाऱ्याचं असलं तर ती दादनीच झाली, फक्त एसी लावलेली.

घरी आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारा, आपला कापूस नाहीतर केळी पूर्वी कुठल्या स्टेशनावरून जायची, गाडी कोण भरायचं, पैसे किती दिवसांनी मिळायचे. उत्तर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. चांगले किस्से पुढच्या भागात ऐकवू. तोवर, येतो मंडळी.